गड ओस पडला, गाव राहिले



"आपले चर्च" असे म्हणताना आपले बोट सहसा इमारतीकडे जाते. वेदी, बाके, घंटा, क्रूस, पावसाळ्याआधी करायची छपराची डागडुजी आणि त्यासाठीची वर्गणी हे सारे त्या एका शब्दात येते. ते चुकीचे नाही. कोल्हापूरच्या पावसात ज्यांनी डोक्यावर छप्पर नसताना मिस्सा ऐकली असेल, त्यांना छपराची किंमत सांगायला नको. पण इमारत हेच चर्च असते का? ती पडली तर काय उरते? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रातल्या एका डोंगरावर आणि त्याच्या पायथ्याच्या छोट्याशा गावात लिहिलेले आहे. त्या गावाचे नाव कोर्लई.

कोर्लई हे रायगड जिल्ह्यात, मुरूड तालुक्यात आहे. कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते तिथे उत्तरेच्या काठावर रेवदंडा आणि दक्षिणेच्या काठावर कोर्लई. गावामागून एक लांबट डोंगर सरळ समुद्रात शिरलेला दिसतो. पोर्तुगीज त्याला 'मोरो' म्हणत. आपल्यासारख्या पन्हाळा पाहिलेल्या लोकांना ही टेकडीच वाटेल, कारण तिची उंची पावणेतीनशे फुटांच्या आसपासच आहे. मात्र तिन्ही बाजूंना पाणी असल्याने ती फार मोक्याची जागा. आम्ही काही जण कोकणच्या सहलीत तिथे गेलो होतो. दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या चढून वर गेलो, तेव्हा वारा इतका होता की एकमेकांशी बोलायचे तर ओरडावे लागत होते.

वरचा किल्ला सुमारे २,८०० फूट लांब आहे, पण रुंदी सरासरी नव्वद फूटही नाही. एखाद्या लांबलचक होडीसारखा तो डोंगराच्या माथ्यावर पसरला आहे. एकामागून एक दरवाजे लागतात. आत पाण्याचे टाके आहे. एक लहानसे महादेवाचे देऊळ आहे. आणि एक चर्च आहे. त्या चर्चला आज छप्पर नाही. भिंती तेवढ्या उभ्या आहेत. जिथे वेदी असेल तिथे उभे राहून वर पाहिले की आभाळ दिसते. आमच्यातल्या एका आजींनी तिथेच क्रुसाची खूण केली आणि बाकीचे सगळे आपोआप गप्प झाले.

या चर्चची गोष्ट समजायची तर थोडा इतिहास बघावा लागेल. पोर्तुगिजांनी १५२१ साली निजामशाहाच्या परवानगीने रेवदंड्याला, म्हणजे त्या वेळच्या चौल बंदरात, कोट बांधायला घेतला. समोरच्या मोरो डोंगरावरून त्या बंदरावर नेम धरता येत असे. त्यामुळे डोंगर कोणाच्या हाती, यावर बंदराचे भवितव्य ठरे. पुढे निजामशाहीच्या सैन्याने डोंगर मजबूत केला. १५९४ साली मोठी लढाई झाली आणि पोर्तुगिजांनी तो जिंकला. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे गड त्यांच्याकडे होता. याच काळात गडावर शिबंदी होती, चर्च होते, धर्मगुरू होते आणि घंटाही वाजत होती.

इथे आपण थोडे थांबू या. त्या गडाच्या बुरुजांना संतांची नावे दिलेली होती. संताचे नाव असलेल्या बुरुजावर तोफ असे. आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेचा आपल्याला अभिमान आहे, पण ही गोष्ट वाचताना मान खाली जाते, आणि ती जायलाच हवी. ज्या प्रभूने पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगितले, त्याच्या संतांच्या नावाने तोफा डागल्या गेल्या. सत्ता आणि श्रद्धा एकाच गडावर राहायला गेल्या की श्रद्धेला सत्तेची भाषा बोलावी लागते. दिवंगत पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० च्या जुबिली वर्षात ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या अशा चुकांबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली होती. कोर्लईचा गड पाहताना ती क्षमायाचना आपण स्वतःच्या ओठांनी पुन्हा म्हणावी.

पुढे काळ फिरला. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकली. पाठोपाठ १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लईही मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज सरदार गेले, शिबंदी गेली, गलबते गेली. गडावरच्या चर्चला आधार देणारी राजसत्ता एका तहाच्या कागदावर संपली. त्या दिवशी कोणी जाणत्या माणसाने गडावर उभे राहून विचार केला असता, तर त्याला वाटले असते की इथली ख्रिस्ती श्रद्धाही आता संपणार. राजाचा धर्म राजाबरोबर जाईल, चार-दोन पिढ्यांत कोणाला काही आठवणारही नाही.

पण तसे झाले नाही. राज्यकर्ते गेले, पण जे याच मातीतले होते ते राहिले. डोंगराच्या पायथ्याशी त्यांची वस्ती आहे. तिथे कार्मेल मातेचे चर्च आहे आणि रविवारी तिथे आजही मिस्सा होते. कोर्लई आज मुंबई महाधर्मप्रांतात येते. वरचे चर्च मोठ्या सत्तेचे होते, ते भग्न झाले. खालचे चर्च साध्या माणसांचे, ते जिवंत आहे. पावणेतीनशेहून अधिक वर्षांचा हा हिशेब आहे.

आणि आता सगळ्यात नवलाची गोष्ट. या गावातल्या ख्रिस्ती घरांमध्ये एक वेगळीच बोली बोलली जाते. तिला ते स्वतः 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. शब्द बहुतेक जुन्या पोर्तुगीजमधले, पण वाक्याची ठेवण बरीचशी आपल्या मराठीसारखी. क्रियापद आपल्यासारखेच शेवटी येते. बोलणारे सुमारे हजार लोक असतील. जगभरातले भाषातज्ज्ञ या छोट्या गावात येऊन तिचा अभ्यास करून गेले आहेत. आपल्यालाही या गोष्टीचे फार अप्रूप वाटायला नको, कारण पाव, चावी, पगार, बटाटा, बादली आणि साबण हे शब्द आपण रोज वापरतो, तेही पोर्तुगीजमधूनच आले. ज्याला सगळे कोल्हापूर 'नाताळ' म्हणते, तो शब्दही तिथलाच. पण आपण फक्त काही शब्द घेतले. कोर्लईने एक आख्खी बोली सांभाळली.

ती सांभाळली कोणी? विचार करा. सरकारदरबारी तिला स्थान नव्हते. शाळेत ती शिकवली गेली नाही. बाजारात, शेजाऱ्यांशी, होडीवर आणि कचेरीत मराठीच चालते. तिचे ना वर्तमानपत्र, ना पाठ्यपुस्तक. मग ती टिकली कशी? ती घरात बोलली गेली म्हणून टिकली. आईने मुलाला निजवताना, आजीने नातवाला जेवायला हाक मारताना, भावाने बहिणीशी भांडताना ती वापरली. भाषा टिकण्याचा याहून वेगळा कोणताही मार्ग अजून कोणाला सापडलेला नाही. जी भाषा घरात बोलली जात नाही, तिचा कितीही मोठा ग्रंथ कपाटात असला तरी ती दोन पिढ्यांत मुकी होते.

बंधू-भगिनींनो, श्रद्धेचेही अगदी असेच आहे. आज आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच.

देवाने मोशेच्या द्वारे आपल्या प्रजेला आज्ञा दिल्या, तेव्हा त्या कुठे शिकवायच्या हेही सांगितले. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात ते आहे. घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांशी त्यांविषयी बोलत राहा, असे तिथे सांगितले आहे. त्या यादीत मंदिराचे नाव नाही. घर आहे, रस्ता आहे, अंथरूण आहे. संत पौल तीमथ्याला पत्र लिहितो तेव्हा त्याच्या श्रद्धेचे मूळ सांगताना एखाद्या मोठ्या गुरूचे नाव घेत नाही. तो आजी लोईस आणि आई युनिके या दोघींची नावे घेतो. आधी आजी, मग आई, मग मुलगा. 'नॉ लिंग' ज्या वाटेने आली, त्याच वाटेने तीमथ्याची श्रद्धा आली.

यावर कोणी म्हणेल, मग धर्मगुरू कशाला, चर्च कशाला, घरीच प्रार्थना केली की झाले. तसे नाही. कोर्लईच्या लोकांनी घरातली बोली जपली आणि कार्मेल मातेचे चर्चही जपले. प्रभूचे शरीर आपल्याला वेदीवरूनच मिळते, पापांची क्षमा आपण स्वतःच स्वतःला देऊ शकत नाही. पण वेदीवर जे मिळते त्याची भूक घरी लागावी लागते. ज्या घरात आठवडाभर देवाचे नाव निघत नाही, तिथल्या मुलाला रविवारची मिस्सा परक्या भाषेतल्या कार्यक्रमासारखी वाटते. तो कंटाळतो. आपण त्याला रागावतो. पण ती भाषा त्याला शिकवायची कोणी होती?

या संदर्भात आपल्या जवळच्या एका संताची आठवण येते. संत जोसेफ वाझ गोव्याचे, जन्म १६५१ चा. त्या काळी श्रीलंकेच्या किनाऱ्यावर डचांची सत्ता होती आणि कॅथलिक धर्मगुरूंना तिथे बंदी होती. चर्चे हातची गेली होती. १६८७ साली फादर वाझ भिकाऱ्याच्या वेशात जाफन्याला पोहोचले. गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार फिरले. त्या जपमाळेकडे पाहून कोणाचे डोळे चमकतात, हे ते बघत होते. आणि डोळे चमकले! कारण बंद दाराआड, दिव्याच्या उजेडात, लोकांनी प्रार्थना चालू ठेवल्या होत्या. घरात काही उरलेच नसते, तर एवढा मोठा संत जाऊनही त्याला पेटवायला निखारा सापडला नसता. पुढे ते डोंगरातल्या कँडीच्या राज्यात गेले, हेर समजून तुरुंगात टाकले गेले, तरी तिथेच त्यांनी ख्रिस्ती लोकांची सेवा केली आणि १७११ साली कँडीतच देह ठेवला. २०१५ साली दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोमध्ये त्यांना संतपद दिले. घर आणि धर्मगुरू, दोघांनी मिळून तिथली ख्रिस्तसभा वाचवली.

आता आपल्याकडे वळू या. आपल्यावरही एक दिवस असा आला होता की चर्चचे दार बंद झाले. मार्च २०२० आठवा. झावळ्यांचा रविवार आला, पण झावळ्या नाहीत. पवित्र आठवडा आला, ईस्टर आला, आणि आपण सगळे घरात. मोबाईलच्या पडद्यावर मिस्सा पाहिली. कोणाच्या घरी टेबलावर स्वच्छ कापड घालून क्रूस ठेवला होता, मेणबत्ती लावली होती, मुले अंघोळ करून नीट कपडे घालून बसली होती. आणि कोणाच्या घरी मिस्सा चालू होती आणि आपण मध्येच भाजी चिरायला उठत होतो. आम्ही कोणाला दोष देत नाही, कारण आमच्यातही दोन्ही प्रकारचे लोक होते. पण त्या दिवसांनी प्रत्येक घराची परीक्षा घेतली. आपल्या घराला छपराशिवाय, घंटेशिवाय, फादरांशिवाय प्रार्थना करता येते का, हे त्या महिन्यांत आपल्याला स्वतःलाच कळले. काहींना ते कळून आनंद झाला. काहींना मनातून चपापल्यासारखे झाले.

कोल्हापूर जिल्ह्यातले आपण कॅथलिक लोक तसे थोडेच. आधी पुणे धर्मप्रांतात होतो, २००५ मध्ये सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला तेव्हा त्यात आलो. कोणाचे आजोबा गोव्यातून आले, कोणाचे सावंतवाडीकडून, कोणी नोकरीनिमित्त केरळ-तामिळनाडूतून इथे स्थायिक झाले, कोणी इथल्याच मातीतले. आजरा, चंदगड भागातल्या डोंगराळ गावांत आपले लोक आहेत. काही ठिकाणी चार-पाच घरेच. पावसाळ्यात रस्ता खचला की तिथे मिस्सेला जाणे अवघड होते. अशा घरांमध्ये संध्याकाळी दिवा लागल्यावर तेर्स म्हटला जातो, तेव्हा त्या गावातले चर्च तेच असते. तिथे दुसरी इमारत नसेल, पण प्रभूने सांगितले आहे की दोघे-तिघे त्याच्या नावाने जमतात तिथे तो असतो.

शहरात आपल्याकडे इमारत आहे, वेळापत्रक आहे, गायकवृंद आहे. आपल्यापुढचे संकट वेगळे आहे. आजी कोंकणीत प्रार्थना म्हणते, आई-वडील मराठीत, मुले शाळेत शिकलेली इंग्रजीत. आणि शेवटी तिघेही एकत्र काहीच म्हणत नाहीत. ज्याची त्याची प्रार्थना ज्याच्या त्याच्या खोलीत, किंवा कुठेच नाही. आजी गेली की तिच्याबरोबर तिची लादाईन जाते. कोणी लिहून घेतलेली नसते, कोणी पाठ केलेली नसते. आपण तिच्या अंत्यविधीला मोठ्याने रडतो, पण तिच्याकडून घ्यायचे ते घेतलेले नसते.

कोर्लईलाही आज हाच प्रश्न आहे. तिथली तरुण मुले शिकायला आणि नोकरीसाठी मुंबईकडे जातात. खाडीवर पूल झाला, रस्ते झाले. हे चांगलेच झाले, कोणी गावाला कोंडून ठेवावे असे नाही. पण पोर्तुगीज राज्य गेल्यावर जी बोली मेली नाही, ती आता घरात बोलायला कोणी नसल्याने क्षीण होऊ शकते. तोफांना जे जमले नाही, ते दुर्लक्षाला जमते. म्हणून "आमच्या पूर्वजांनी टिकवली, ती टिकेलच" असे श्रद्धेबद्दल कोणी म्हणू नये. ती प्रत्येक पिढीला नव्याने द्यावी लागते आणि प्रत्येक पिढीने ती हात पुढे करून घ्यावी लागते.

त्या गावाने आपल्या चर्चला कार्मेल मातेचे नाव दिले आहे. कार्मेल हाही डोंगरच. दीर्घ अवर्षणानंतर एलिया संदेष्टा त्या डोंगरावर गुडघ्यांत मान घालून बसला आणि सेवकाला समुद्राकडे बघायला पाठवत राहिला. सहा वेळा काहीच दिसले नाही. सातव्या वेळी माणसाच्या तळहाताएवढा एक ढग दिसला, आणि मग धो धो पाऊस आला. घरातली प्रार्थनाही अशीच असते. सोमवारी काही दिसत नाही, मंगळवारी मुले हसतात, बुधवारी कोणाला तरी झोप येते, गुरुवारी पाहुणे येतात. सातव्यांदाही बसायचे. तळहाताएवढा ढग पुरेसा असतो.

म्हणून या महिन्यात आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक घराने तीन लहान गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे. पहिली, रोज रात्री जेवणाआधी सगळ्यांनी मिळून जपमाळेचे निदान एक दशक म्हणावे. पाच मिनिटे लागतात. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावेत. दुसरी, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडून त्यांच्या भाषेतली एक प्रार्थना मुलांनी पाठ करावी आणि वहीत लिहून ठेवावी. कोंकणी असो, मराठी असो, मल्याळम असो, तामिळ असो. तिसरी, ज्यांची घरे चर्चपासून लांब आहेत, जे आजारी आहेत किंवा एकटे राहतात, अशा एका कुटुंबाकडे आपण सहकुटुंब जावे आणि त्यांच्याबरोबर बसून तेर्स म्हणावा. डबा नेला तर उत्तमच, पण प्रार्थना मात्र विसरू नये.

शोमरोनी स्त्रीने प्रभूला विहिरीवर विचारले होते की खरी उपासना कोणत्या डोंगरावर करायची, आमच्या की यरुशलेमच्या. प्रभूने तिला कोणताच डोंगर दिला नाही. पित्याची उपासना आत्म्याने आणि खरेपणाने करणारे लोक त्याला हवे आहेत, असे सांगितले. कोर्लईच्या डोंगरावरचे उघडे चर्च आणि पायथ्याचे भरलेले चर्च आपल्याला तेच सांगतात. संत पेत्राच्या शब्दांत आपणच ते जिवंत दगड आहोत, ज्यांचे घर देव बांधतो.

हे प्रभू येशू, आमच्या चर्चवर तुझी कृपादृष्टी ठेव आणि आमच्या घरांतही राहायला ये. आमच्या आजी-आजोबांच्या ओठांवरच्या प्रार्थना आमच्या लेकरांच्या ओठांवर येऊ दे. आमच्या पूर्वजांनी तुझ्या नावाने केलेल्या चुकांची आम्हाला क्षमा कर. डोंगराकपारीत एकट्याने प्रार्थना करणाऱ्या प्रत्येक घराला तुझ्या सहवासाचा आधार दे. कार्मेल माते, आम्हासाठी विनंती कर. आमेन.